पाणी नितळ होतं, तरीही



गेल्या श्रावणात आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत चार दिवसांत तीन गोगलगायी मेल्या. पहिली काचेवरून सुटून वाळूवर पालथी पडली. मी प्लास्टिकच्या चमच्याने तिला सरळ केलं, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पालथी. तिसऱ्या दिवशी तिचं तोंड बंद झालं ते उघडलंच नाही. मग दुसरी गेली, मग तिसरी. पाणी मात्र इतकं नितळ होतं की टाकीच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यातून वाचता यायचं.

ही टाकी माझी नाही. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा पुतण्या नोकरीसाठी वर्षभर जर्मनीला गेला आणि जाताना टाकी आमच्याकडे सोपवून गेला. १२० लिटरची, खाऱ्या पाण्याची. तिच्यात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाऊनफिश, लाल-पांढऱ्या रंगाच्या दोन छोट्या कोळंब्या आणि सात गोगलगायी. मासे विकत आणून काचेत कोंडणं मला पटत नाही आणि ते मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं. पण जीव घरात येऊन राहिल्यावर मत बाजूला राहतं आणि जबाबदारी उरते. माशांच्या खाण्याच्या डब्यावर काय काय लिहिलंय ते वाचलं तेव्हा मन खट्टू झालं. तो डबा माझा मुलगा हाताळतो. त्याने हाताळला म्हणून प्रश्न सुटत नाही, हे मलाही कळतं. पण उपाशी ठेवणं हे उत्तर नाही, एवढं नक्की.

माझ्या वाट्याला पाण्याचं काम आलं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून रोज साधारण दोन लिटर साधं पाणी घालायचं असतं. खारं नाही, साधं. आरओ मशीनचंच घालायचं, असं पुतण्याने बजावलं होतं. ते मी न चुकता करत होते. आपल्या घरात अनगळ पाणी कशालाच वापरत नाहीत, म्हणून तेही फडक्यातून गाळून घालत होते.

आणि तरी तीन जीव गेले होते. त्या आठवड्यात मी या छंदाचा इतिहास वाचायला घेतला. समुद्रातले जीव घरात ठेवण्याची हौस माझ्या आधी ज्यांनी केली, त्यांचं पाणी कशाकशाने नासलं, हे मला बघायचं होतं. वाचताना एक गोष्ट सुखद वाटली. या इतिहासाच्या सुरुवातीलाच दोन बायका भेटतात, आणि दोघींच्याही हातात सुई-दोरा आहे.

पहिली जान विलेप्रो-पॉवर. जन्म १७९४ सालचा, फ्रान्समधल्या एका खेड्यातला. पॅरिसला येऊन ती शिवणकाम-भरतकाम करू लागली. पुढे लग्न होऊन इटलीच्या सिसिली बेटावर, मेसिना शहरात राहायला गेली. तिथे समोर समुद्र. आर्गोनॉट नावाचा आठ हातांचा एक प्राणी कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहतो. हा शिंपला तो स्वतः बनवतो की दुसऱ्या कुणाचा ढापतो, यावर त्या काळच्या विद्वानांत वाद होता. मेलेल्या नमुन्यांवरून हा वाद सुटणारच नव्हता. या बाईने १८३० च्या दशकात काचेच्या टाक्या आणि समुद्रात सोडायचे पिंजरे बनवून घेतले, त्यात जिवंत आर्गोनॉट ठेवले आणि वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. शिंपला तो स्वतःच बनवतो आणि फुटला तर स्वतःच दुरुस्त करतो, हे तिने दाखवून दिलं. पाण्याची अडचण तिला फारशी नव्हती. पाणी बिघडलं की दारातच समुद्र होता.

दुसरी ॲना थिन. तिची गोष्ट वाचताना मात्र मी माझ्या टाकीकडे चार वेळा मान वळवून पाहिलं, कारण तिच्याजवळ समुद्र नव्हता. ती लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात राहायची. तिचा नवरा तिथला मोठा धर्माधिकारी, घर मुलाबाळांचं. १८४६ साली ती टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेली असताना तिने जिवंत प्रवाळ पाहिले आणि ते लंडनला न्यायचं ठरवलं. वाटेत हिंदकळून ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तिने सुई-दोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजावर टाचले आणि पाण्याच्या बरणीत ठेवून नेले.

लंडनला पोचल्यावर खरी अडचण सुरू झाली. सुरुवातीला ती एक दिवसाआड पाणी बदलायची. पण समुद्राचं पाणी लंडनला आणवायला लागायचं, आणि दर वेळी पुरेसं यायचंच असं नाही. पाणी संपलं की जुनंच पुन्हा वापरायचं, आणि जुन्या पाण्यात प्रवाळ मलूल व्हायचे. तेव्हा तिने एक साधा उपाय केला. उघड्या खिडकीसमोर उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा पहिल्यात, असं अर्धा-पाऊण तास ओतत राहायचं. चहा निववतात तसं. हे काम बहुतेक वेळा घरच्या मोलकरणीच्या वाट्याला यायचं. त्या अनाम बाईच्या दुखऱ्या हातांची नोंद इतिहासात नाही, पण ते प्रवाळ तिच्यामुळे जगले, असंच मी म्हणेन.

पुढच्या वर्षी, १८४७ मध्ये, ॲनाने टाकीत समुद्री वनस्पती घातल्या आणि टाकी उजेडात ठेवली. पानं उन्हात प्राणवायू सोडतात, त्याचा उपयोग झाला आणि ओतण्याचे कष्ट कमी झाले. तिचे प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले, त्यांची वाढही झाली. समुद्रापासून दूर घरात इतका काळ समुद्री जीव टिकवणारी ती पहिल्या काहींपैकी एक. तिच्या नोंदी छापल्या गेल्या त्या मात्र बऱ्याच उशिरा, १८५९ साली.

तर ॲनाने शोधलेलं पहिलं कारण हे: पाण्यात हवा नसणं. मी उठून आमच्या टाकीतला पंप तपासला. पाणी व्यवस्थित फिरत होतं, वरचा पृष्ठभाग हलत होता. म्हणजे तिथे गफलत नव्हती.

दुसरं कारण एका रसायनशास्त्रज्ञाने शोधलं. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनमध्ये औषधं बनवणाऱ्यांच्या संस्थेत काम करायचा. त्याने १८४९ मध्ये गोड्या पाण्याच्या काचपात्रात दोन लहान सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. हिशेब सरळ होता: मासे प्राणवायू वापरतील, वनस्पती तो परत देईल. पण काही दिवसांनी पाणी गढूळ झालं आणि काचेवर हिरवट थर चढला. हिशेब चुकला कुठे? वॉरिंग्टनने एकेक गोष्ट पाहिली आणि त्याला दिसलं की वनस्पतीची जुनी पानं सडताहेत आणि ती सडच पाण्याला नासवते आहे. त्याने पात्रात तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पानं आणि काचेवरचा थर खाऊन टाकला आणि पाणी पुन्हा स्वच्छ झालं. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला, आणि पुढे समुद्राच्या पाण्यावरही असेच प्रयोग केले.

हे वाचताना मला गंमत वाटली आणि वाईटही वाटलं. ज्या गोगलगायीने दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी पाणी नासण्याचं कोडं सोडवायला मदत केली, तीच माझ्या टाकीत पालथी पडत होती.

त्यानंतर ही हौस घराघरांत शिरली. फिलिप हेन्री गॉस हा निसर्ग अभ्यासक या कामात पुढे होता. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मोठं मत्स्यालय उघडलं. गॉसचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक १८५४ मध्ये आलं आणि 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरी पोचला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉसने समुद्राचं पाणी घरी बनवायची कृतीही दिली. ती एखाद्या पाककृतीसारखीच आहे: साधं मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, हे ठरलेल्या वजनाने साध्या पाण्यात मिसळायचं. आज पुतण्या बादलीभर मीठ विकत आणतो, ते त्याच कृतीचं सुधारलेलं रूप आहे.

पण या हौसेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पुस्तकं वाचून हजारो लोक बादल्या घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यांवर गेले. खडकांतल्या डबक्यांतून जे हाताला लागेल ते उचलून आणलं. घरी आणल्यावर बहुतेक जीव काही दिवसांत मेले, आणि मेले की नवीन आणायला पुन्हा किनारा होताच. दहा-पंधरा वर्षांत हौस ओसरली, पण किनारे ओरबाडले गेले होते. गॉसच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्या उजाड झालेल्या डबक्यांबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. त्यांच्या नाशाला आपल्याच वडिलांच्या पुस्तकांनी वाट करून दिली, हे ओझं वडिलांनाही जाणवत होतं, असं तो लिहितो. वडील निसर्गावर मनापासून प्रेम करणारे होते. हेतू चांगला होता. आपल्या देशात आज प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना कायद्याचं संरक्षण आहे, २००१ पासून त्यांना पकडायला आणि विकायला बंदी आहे. तशी बंदी का लागते, ते या गोष्टीवरून कळतं.

आता प्रश्न असा, की हवा होती, वनस्पती होत्या, मीठ बरोबर होतं, तरी त्या काळी इतके जीव का मरायचे? याचं उत्तर मत्स्यालयवाल्यांना मिळालं नाही, ते मिळालं सांडपाण्याचा अभ्यास करणाऱ्यांना. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळू भरलेल्या उंच नळीतून हळूहळू सोडलं. सुरुवातीचे काही दिवस काहीच फरक पडला नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन त्याचं नायट्रेट झालेलं आढळलं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर ही क्रिया थांबली. नंतर थोडी माती कालवलेलं पाणी घातलं, तर ती पुन्हा सुरू झाली. निर्जीव वाळूला क्लोरोफॉर्मने काय फरक पडणार? याचा अर्थ हे काम वाळूतले सूक्ष्म जीव करत होते. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे करून दाखवले. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात.

मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनिया होतो, आणि तो माशांना विषासारखा असतो. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात, ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी घाईने मासे सोडले की नितळ दिसणाऱ्या पाण्यातही ते मरतात. गॉसच्या वाचकांच्या घरी बहुधा हेच घडत असणार. आपल्या डोळ्यांना न दिसणारे जीव दिसणाऱ्या जिवांना जगवतात, हे आपल्या घरात नवीन नाही. पाणी गाळून फडक्यावर राहिलेलं पुन्हा त्याच विहिरीत सोडायला माझ्या आजीने मला शिकवलं, तेव्हा तिच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता.

पुतण्याच्या कपाटात तपासणीची पेटी होती. छोट्या काचनळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, आलेला रंग पट्टीशी जुळवायचा. मी तपासलं. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेट थोडं, नेहमीएवढंच. खारेपणा बरोबर, तापमान २६ अंश. म्हणजे घाण टाकीत तयार होत नव्हती. याचाच अर्थ ती बाहेरून येत होती.

मग मी घर तपासायला घेतलं. उदबत्ती आणि धूप दुसऱ्या खोलीत नेले. डासांचं मशीन बंद केलं. टाकीत हात घालण्याआधी साबण न लावता नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, असा नियम केला. काच पुसायचं चुंबक गंजलं आहे का ते पाहिलं, नाही. झाकणाच्या बिजागरीचा स्क्रू पाण्यात पडलाय का ते पाहिलं, तोही नाही. वॉरिंग्टनसारखी एका वेळी एकच गोष्ट बदलत होते आणि दोन दिवस वाट बघत होते. त्यात एक कोळंबी गेली. कात टाकताना अर्ध्यावरच अडकून मेली. मासे मात्र मजेत फिरत होते, भूकही चांगली होती.

रविवारी पुतण्याचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो गप्प बसून ऐकत होता.

"काकू, म्हणजे मासे ठीक आहेत. फक्त गोगलगायी आणि कोळंबीच?"

"हो ना."

"वरून घालायचं पाणी कुठलं घालता?"

"आरओचंच. तू सांगितलंस तेच."

"मशीनमधून थेट?"

"थेट कसं रे? रात्री भरून ठेवते, सकाळी गाळून घालते."

"कशात भरून ठेवता?"

मी उत्तर दिलं नाही. मान वळवून स्वयंपाकघराच्या ओट्याकडे पाहिलं. तिथे माझ्या सासूबाईंची तांब्याची कळशी होती. चिंच आणि मीठ लावून दर शनिवारी मी घासते ती, आरशासारखी लखलखीत.

तांबं समुद्री जिवांना सोसत नाही, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे आणि त्याने त्याचा उपयोगही करून घेतला आहे. लाकडी जहाजांचा तळ पोखरणारा एक किडा असतो. त्याला किडा म्हणतात, पण तो खरं तर शिंपल्यांच्या, म्हणजे गोगलगायीच्याच गोतातला. तो जहाजांची चाळण करून टाकायचा. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. त्या पत्र्यांजवळ ना किडा फिरकला ना शिंपले चिकटले. मग सगळ्या आरमाराला तांबं लागलं.

आणि माझं माहेर तासगावकडचं. द्राक्षबागांत फवारायचं बोर्डो मिश्रण मी लहानपणापासून पाहत आले आहे: मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. फ्रान्समधल्या बोर्दो भागात १८८० च्या दशकात हे मिश्रण द्राक्षवेलींवरच्या बुरशीवर गुणकारी ठरलं आणि तिथून जगभर गेलं. बुरशी मारायला वडील निळं पाणी कालवत तेव्हा, "शेळीला इकडे येऊ देऊ नको," म्हणून मला ओरडत. ते सगळं मला माहीत होतं. तरी ओट्यावरची कळशी आणि बागेतला मोरचूद यांचा मी कधी एकमेकांशी संबंध लावला नव्हता.

मत्स्यालयांत खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या एका परजीवीवर औषध म्हणून तांबंच वापरतात. लिटरला साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम. एवढं तांबं मासे सोसतात, पण गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ यांना ते मारतं. म्हणून ते औषध वेगळ्या टाकीतच द्यायचं असतं. यात एक विचित्र गोष्ट आहे. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम लोह करतं, तर गोगलगायी आणि कोळंबी यांच्या रक्तात ते काम तांबं करतं. त्यांचं रक्त निळसर असतं ते त्यामुळेच. म्हणजे तांबं त्यांना लागतं, पण पाण्यातून थोडं जास्त आलं की तेच त्यांचा जीव घेतं.

आपण तांब्याच्या कळशीतलं पाणी पितो, त्यात काही वावगं नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आपल्याला चालतं त्याच्या दहाव्या हिश्शातही कोळंबी जगत नाही. शिवाय आपण पाणी पितो आणि ते शरीराबाहेर जातं. टाकीत तसं होत नाही. मी कागदावर हिशेब मांडला. रोज दोन लिटर, दोन महिने, म्हणजे १२० लिटर. टाकीही १२० लिटरचीच. म्हणजे जवळजवळ एक अख्खी टाकीभर कळशीतलं पाणी मी आत ओतलं होतं. पाणी हवेत उडून गेलं आणि तांबं मागे राहिलं, जसं मीठ राहतं तसंच. पंधरा दिवसांनी दहा लिटर पाणी बदलत होते, पण तेवढ्याने ते निघणार नव्हतं. त्यात आरओच्या पाण्यात क्षार कमी, ते धातू सहज ओढून घेतं. आणि कळशी चिंचेने घासली की तांब्यावरचा काळपट थर निघून धातू उघडा पडतो. मी जितकी जास्त घासत होते, तितकं जास्त विष तयार करत होते.

दुसऱ्या दिवशी दुकानातून तांबं तपासायचे थेंब आणले. रंग शून्याच्या खान्याशी जुळेना, तो पुढच्या खान्यांकडे सरकला होता. मी दोनदा पुन्हा तपासलं. मग खुर्चीत बसून राहिले.

पुढचं काम पुतण्याने फोनवर सांगितलं आणि मी केलं. झाकणाचा प्लास्टिकचा कॅन आणला. नवीन खारं पाणी बनवून तीन दिवसांआड तीसेक लिटर बदललं, असं चार वेळा. एकदम सगळं बदललं तर उरलेल्यांना धक्का बसला असता. पाणी फिरतं त्या जागी कोळशाची पुरचुंडी आणि तांबं धरून ठेवणारी दुकानातली पिशवी ठेवली. आरओचं पाणी आता मशीनमधून कॅनमध्ये आणि कॅनमधून टाकीत जातं. पंधरा-वीस दिवसांनी तपासलं तेव्हा रंग उमटला नाही.

सातातल्या चार गोगलगायी वाचल्या. उरलेल्या कोळंबीने दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कात टाकली. सकाळी टाकीत एक पारदर्शक रिकामं कवच तरंगत होतं आणि ती दगडामागे मिशा हलवत बसली होती. मी ते कवच पाहून आधी घाबरले, मग मुलाला हाक मारली.

गेलेल्या चार जिवांचं दायित्व माझ्याकडे आहे. मी पाणी गाळलं, वेळ पाळली, सगळ्यात पवित्र समजतो ते भांडं वापरलं. यत्नाचार म्हणजे एवढंच, असं मला वाटत होतं. पण कळशी कुणाला चालते आणि कुणाला नाही, हे मी विचारलं नव्हतं. ॲना थिनने पाण्याला हवा लागते हे ओळखलं, वॉरिंग्टनने सडकं पान शोधलं, श्लोझिंगने न दिसणारे जिवाणू दाखवले. त्यांच्यातल्या कुणीही केवळ मन चांगलं होतं म्हणून पाणी स्वच्छ केलं नाही. त्यांनी पाणी कशाने बिघडतं ते एकेक करून शोधलं. माझ्याकडून तो शोध चार जीव जाईपर्यंत राहिला.

पुतण्या चैत्रात परत येईल, तेव्हा टाकी पुन्हा वरच्या मजल्यावर जाईल. तोपर्यंत नवीन जीव आणायचे नाहीत, असं आमचं ठरलं आहे, आणि तोही कबूल झाला आहे. सासूबाईंची कळशी ओट्यावरच आहे. आम्ही त्यातलं पाणी पितो. शनिवारी घासताना मात्र हात क्षणभर थांबतो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी मुलांनी हौसेने अशी टाकी आणली असेल, तर वरून घालायचं पाणी कशात ठेवता ते आज एकदा बघा. तांब्या-पितळेची तोटी, कळशी, घंगाळ, काहीही मध्ये येत असेल तर ते बाजूला करा. आणि आणायचा विचारच चालला असेल, तर मुलांना आधी ॲना थिनच्या मोलकरणीची गोष्ट सांगा. समुद्र घरात आणायचा म्हणजे कुणाला तरी रोज त्याचं पाणी वाहावं लागतं.